विहीणबाईंचं सूप, मांसाशिवाय

जर्मनीतल्या आखन शहरात एका एक जानेवारीला माझ्या विहीणबाई सूपचं पातेलं टॉवेलात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून, बर्फातून आमच्या दारात आल्या. त्यांनी वाडगा भरून माझ्यापुढे धरला आणि मी म्हणाले, "नको, नको. माझं आत्ताच झालंय." मूर्खपणा एवढाच. ह्याहून मोठे मी पुष्कळ केलेत, पण इतकं कुठल्याच मूर्खपणाने मला छळलं नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तेच तर. आपल्याकडे कुणी काही पुढे केलं की आधी नको म्हणायचं असतं. मग समोरच्याने "असं कसं, थोडं तरी" म्हणायचं, आपण हाताने ताट झाकायचं, त्याने हात बाजूला करून वाढायचं आणि आपण "अहो, किती हे!" म्हणत सगळं फस्त करायचं. साठ वर्षं मी हा खेळ खेळत आले. त्यामुळे मी नको म्हटलं आणि आग्रहाची वाट बघत हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिले. विहीणबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, "ओके, मादाम" म्हणाल्या आणि वाडगा उचलून स्वयंपाकघरात नेला. मी तशीच हसत बसलेली. एखाद्या फोटोसाठी बसावं तशी.

विहीणबाई मूळच्या हैतीच्या. तरुणपणी नर्स म्हणून जर्मनीत आल्या, आखनच्याच एका दवाखान्यात उभा जन्म काढला आणि निवृत्त झाल्या. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी इथल्या तांत्रिक विद्यापीठात पीएचडी करताना भेटले, लग्न झालं, आणि त्या हिवाळ्यात आमची नात जेमतेम दोन महिन्यांची होती. तिला सांभाळायला मी पुण्याहून व्हिसा घेऊन आले होते. विहीणबाईंशी माझं बोलणं इंग्रजीत व्हायचं. त्यांचं इंग्रजी जर्मन वळणाचं, माझं सरकारी, अर्ज लिहिण्यापुरतं.

आता खरं सांगते. नको म्हणण्याचं अर्धं कारण तो खेळ होता आणि अर्धं कारण सूपमधलं गोमांस. मी मांस खात नाही. का खात नाही, ते सांगताना लोक तत्त्वज्ञान सांगतात, माझी गोष्ट साधी आणि जरा हास्यास्पद आहे. बाविसाव्या वर्षी मला पुण्यात सरकारी कचेरीत नोकरी लागली. दुपारी बायका गोल करून डबे उघडायच्या. पहिल्याच दिवशी एकीने गोड आवाजात विचारलं, "तुमच्यात चालतं का हो?" आणि ही बाई, म्हणजे मी, चटकन म्हणाली, "छे छे, आमच्याकडे नाही चालत!" आदल्याच रात्री सुकट खाऊन आलेली! मग ते खोटं खरं करायला मी घरी सगळं बंद केलं. बिचाऱ्या नवऱ्याचंही बंद केलं. ते म्हणायचे, "अगं, डब्यात भाजी ने, पण घरात तरी खाऊ दे." मी कसली ऐकते! वर्षभराने लक्षात आलं की मी काहीही आणलं तरी त्या गोलात माझ्या डब्यातलं कुणी घेत नव्हतं. पण तोवर सवय जडली होती, आणि कशासाठी सोडलं होतं हे मान्य करण्यापेक्षा सोडलेलंच बरं होतं. त्या बाविशीतल्या मुलीला आज भेटले तर आधी दोन अंडी उकडून खायला घालीन.

असो. त्या एक जानेवारीला ते सूप मी खाल्लं नाही आणि घरात दुसऱ्या कुणीही खाल्लं नाही. जावई विद्यापीठात असताना वीगन झाला होता आणि लग्नानंतर मुलगीही. मांसच काय, दूध-दही-तूपही वर्ज्य. मी पुण्याहून आणलेली तुपाची बरणी मुलीने बाल्कनीत काढून ठेवली होती. मी म्हटलं, "अगं, तूप शाकाहारी असतं." तर जर्मनमध्ये म्हणे, "गेनाऊ, अगदी बरोबर, आई, शाकाहारी असतं, वीगन नसतं." विहीणबाईंना मात्र पक्कं वाटत होतं की त्यांच्या मुलाला गवत खायला ह्या हिंदुस्थानी बाईनेच लावलं. पातेलं जसं आलं तसं टॉवेलात गुंडाळून त्या बसने परत घेऊन गेल्या.

संध्याकाळी जावई माझ्याजवळ येऊन बसला. तो मला आईच म्हणतो. "आई," तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं, माझी चूक आहे, मी सांगायला हवं होतं." आणि मग सांगितलं. हैतीत त्यांचे पूर्वज फ्रेंच मळेवाल्यांचे गुलाम होते. ह्या सूपचा भोपळा ते पिकवायचे, सूप ते रांधायचे, आणि खायची परवानगी त्यांना नव्हती. एका एक जानेवारीला ते स्वतंत्र झाले आणि त्या दिवशी सगळ्यांनी ते सूप खाल्लं. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी दारात येईल त्याला हे सूप द्यायचं आणि देतील तिथे खायचं. "त्या दिवशी ह्या सूपला कुणी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "आम्ही घरचेच, आम्हाला ती चार शिव्या घालते. पण तुम्ही पाहुण्या."

एक जानेवारी आमचाही दिवस. आमच्याकडची माणसं त्या दिवशी भीमेकाठच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात. त्या सकाळी मीही पांढरं लुगडं नेसून, बुद्धापुढे मेणबत्ती लावून, पोहे खाऊन, परदेशात आपल्याला कुणी नाही म्हणून हुंदके देत बसले होते. आणि माझ्यासारखाच दिवस पाळणारी बाई पातेलं घेऊन दारात आली तेव्हा तिला काय म्हणाले, तर झालंय माझं.

ते शब्द मला चांगले ओळखीचे होते. सातवीत मी शाळेत पहिली आले तेव्हा गुरुजी आमच्या वस्तीत कौतुक करायला आले होते. आईने धावपळ करून शिरा केला. गुरुजी दारातच उभे राहिले, अगदी मायेने म्हणाले, "नको, नको, आत्ताच झालंय माझं." आई ताटली धरून उभी राहिली. ते गेले तरी उभी होती. 

मी लगेच फोन करून माफी मागायला हवी होती. केला नाही. इंग्रजीत काय सांगणार? आणि लाजही होती. मार्चमध्ये मी पुण्याला परतले. तोवर विहीणबाई नातीला बघायला यायच्या, पण मी असेन त्या वेळी कधीच नाही.

पुढच्या डिसेंबरात मी पुन्हा आखनला आले तेव्हा मुलीने सांगितलं, "ह्या एक जानेवारीला त्या येणार नाहीयेत. फ्रान्सला बहिणीकडे चालल्यात. म्हणाल्या, तुमच्या घरात सूप खाणारं कुणी नाही."

"आणि नात?"

"तेच तर. आता ती खायला लागली आहे ना. तिचं पहिलं सूप त्यांना स्वतःच्या हाताने भरवायचं होतं."

"मग मी करते सूप. तुमच्यासारखं, बिनमांसाचं. त्यांना बोलवा."

"आई, प्लीज. आल्झो, हे बघ, आधीच पुरे झालंय."

माझं ऐकतेय कोण म्हणून मी परस्पर करून पाहिलं. मांस वगळलं, बाकी सगळं मागच्या वर्षी वाडग्यात दिसलं होतं तसंच: भोपळा, गाजर, कोबी, बटाटा, मॅकरोनी. चव अशी की आजाऱ्याने आणखी आजारी पडावं. जावयाने "छान आहे" म्हणत मीठ घेतलं, मग मिरपूड, मग पुन्हा मीठ. तेव्हा कोट चढवला आणि एकटीच बसने विहीणबाईंच्या घरी गेले.

त्यांनी दार उघडलं. "मादाम? बाळ बरं आहे ना?"

"बाळ बरं आहे. बाळाची आजी मूर्ख आहे."

"कोणती आजी?" त्यांनी विचारलं. हसल्या नाहीत, पण आत घेतलं.

मी त्यांना आमचा नको-नकोचा खेळ समजावून सांगितला. त्यांनी एखाद्या पेशंटची तक्रार ऐकावी तसा ऐकला.

"आणि खरंच नको असतं तेव्हा काय म्हणता?"

"तेव्हाही नकोच म्हणतो."

"मग समोरच्याला कळतं कसं?"

"कळत नाही. म्हणून तर आम्ही अशा," मी पोटावर हात ठेवून म्हटलं.

आता मात्र त्यांचे ओठ जरा हलले. पण बाई नर्स होती, अर्ध्या उत्तरावर सोडणारी नव्हती. "मांस होतं म्हणूनही नाही म्हणालात. खरं ना?"

मी हो म्हटलं. मग कचेरीतला तो गोल सांगितला, आणि गुरुजी सांगितले, जे मी मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं. माझं इंग्रजी किती पुरणार! माझी आई ताटली घेऊन उभी राहिली, एवढंच दोनदा म्हणता आलं. विहीणबाई उठल्या, फ्रिजमधून पार्सलीची जुडी, लसूण, कांद्याची पात, ढोबळी मिरची काढली आणि कापायच्या पाटावर ठेवून सुरी माझ्या हातात दिली.

"हे सगळं लिंबू घालून वाटायचं. ह्याच्याशिवाय सूप नाही. मांस रात्रभर ह्यात मुरतं. तुम्ही काय मुरवणार?"

"बघते."

"बघते म्हणजे?"

"म्हणजे अजून माहीत नाही."

"आणि तिखट मिरची अख्खी सोडायची, देठासकट. फुटली तर मग ते जेवण नाही, शिक्षा." थोडं थांबून म्हणाल्या, "मी येते असं म्हणत नाहीये. तिकीट काढलंय मी."

परतीच्या बसमध्ये मला आईचा रस्सा आठवला. मटण परवडायचं नाही तेव्हा आई मटणाचाच रस्सा करायची, फक्त मटण नसायचं. कांदा आणि लसूण निखाऱ्यात टाकून पार काळे करायची आणि त्यांचं वाटण घालायची. घरभर असा वास सुटायचा की शेजारीण विचारायची, आज काय विशेष? नोकरीला लागल्यावर त्या खोट्या रश्श्याची मला इतकी लाज वाटायची की तो मी कुणापुढे कधी केला नाही. आणि आता मांस काढलेल्या पातेल्यात मांसाची जागा भरायची होती, आणि हे काम त्या घरात फक्त मला येत होतं.

जर्मन घरात निखारे कुठले? ओव्हनच्या ग्रिलखाली कांदे-लसूण ठेवले, काळे होईपर्यंत. मुलगी म्हणाली, "आई, जळतंय!" म्हटलं, "जळू दे." तपकिरी मश्रूम विहीणबाईंच्या वाटणात रात्रभर मुरवले आणि सकाळी लोखंडी तव्यावर कडक परतले. वरून तुपाची फोडणी द्यायला हात शिवशिवत होता, तो आवरला. खोबरंही घातलं नाही, नाहीतर सूप हैतीहून थेट माझ्या माहेरी अहमदनगरला पोचलं असतं. मिरची अख्खी, देठासकट.

एक जानेवारीला दुपारी बेल वाजली. विहीणबाई चाकांची बॅग घेऊन उभ्या होत्या. "स्टेशनवर चाललेय. दोनची गाडी आहे. फक्त बाळाला बघते." कोट काढला नाही. मी वाडगा भरला आणि पुढे धरला. थोडं सूप बशीत सांडलं. जावई भिंतीला टेकून उभा होता, मुलगी माझ्याकडे बघत नव्हती.

त्यांनी वाडगा घेतला. नातीला मांडीवर घेतलं, बटाट्याचा एक तुकडा चमच्याने चेचला, फुंकर घातली आणि भरवला. नातीने तोंड वाकडं केलं, मग पुन्हा उघडलं. विहीणबाई त्यांच्या भाषेत तिच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलल्या. मग त्याच चमच्याने स्वतः खाल्लं. एक घास, दुसरा. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

दोनची गाडी गेली. "दुसरी असते," त्या म्हणाल्या आणि वाडगा पुढे केला. मी आग्रह न करता वाढलं.

बसथांब्यापर्यंत त्यांची बॅग मी ओढत नेली. विचारू नये असं ठरवूनही बस दिसल्यावर मी विचारलंच, कसं झालं होतं? बसचं दार उघडलं, एक पाय आत ठेवून त्या वळल्या आणि म्हणाल्या, "मांस नाही हे शेवटच्या चमच्यापर्यंत कळत होतं, मी खोटं बोलणार नाही. पुढच्या वर्षी सगळे माझ्याकडे या, बहिणीलाही बोलावते. तुमच्यासाठी वेगळं पातेलं ठेवते. नाही, थांबा, वेगळं कशाला? एकाच पातेल्यात करू सगळ्यांचं. आणि मांस कुठे गेलं, ते माझ्या बहिणीला तुम्ही सांगायचं."