हलक्या हाताची बाई

ती माणसाकडे बघायची ती हनुवटीपासून. तुम्ही-आम्ही आधी डोळे बघतो, फार तर कपडे बघतो. तिची नजर आधी हनुवटीवर टेकायची, तिथून गळ्यावर उतरायची, मग दातांपाशी यायची, आणि डोळ्यांना डोळे सगळ्यात शेवटी. पहिल्या भेटीत माझ्याकडे तिनं असंच बघितलं आणि म्हणाली, "मान थोडी वर करा ना मॅडम."

मी केली. शिकवणारी मी, शिकायला आलेली ती, आणि मान मी वर केली. त्या आवाजात कुणी म्हटलं की माणूस करतोच.

"चांगली आहे," ती म्हणाली. "तुमच्या हनुवटीले काही करा लागत नाही."

गुढियारीत तिचं ब्यूटी पार्लर होतं. एक खुर्ची, एक आरसा आणि मोहल्ल्यातल्या सगळ्या भुवया. बारावी सायन्स झालेली, पुढे लग्न झालं, पार्लर आलं, मुलं मोठी झाली, आणि पस्तिशी उलटल्यावर ही बाई अँब्युलन्सवर काम करायचं म्हणून आमच्या वर्गात येऊन बसली.

छत्तीसगढ राज्य नवं होतं. रायपूर राजधानी झालं म्हणून पानठेल्यापासून लॉन्ड्रीपर्यंत सगळ्यांच्या पाट्यांवर "राजधानी" चढलं होतं. रस्ते खणलेले, चौकाचौकात धूळ, आणि त्या धुळीतून नव्या कोऱ्या अँब्युलन्स यायच्या होत्या. गाड्या आल्या तर आत बसायला माणसं हवीत, म्हणून आमचा वर्ग. मी वॉर्डातली नर्स, शिकवायला आले. जागा मिळाली चौबे कॉलनीत, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. लग्नसराईत खाली बँड वाजायचा आणि वर आम्ही सरावाच्या रबरी पुतळ्याची छाती दाबायचो. ठेका जमला तर फायदाच होई.

पहिला धडा श्वासाच्या वाटेचा. बेशुद्ध माणसाची जीभ सैल पडते, मागे सरकते, आणि वाट बंद होते. मोडलेल्या हाडाला थोडं थांबता येतं, श्वासाला नाही. तेव्हा आधी डोकं मागे, हनुवटी वर. बोलायला सोपं आहे. मी पुतळ्याच्या तोंडावर मास्क लावून, अंबू, म्हणजे हवा भरायचा रबरी फुगा, दाबून वर्गाला विचारी, "हवा जात आहे?" आणि सगळा वर्ग म्हणे, "हव." छत्तीसगढीत हव म्हणजे हो. आत हवा गेली का, की पोरं नुसती हो म्हणतात, हे कळायला मला पहिले काही दिवस पुतळ्याच्या छातीकडेच बघावं लागलं.

वर्गात सगळे विशीतले पोट्टे. तिला ते दीदी म्हणत. ती त्यांच्या हनुवट्या तपासत फिरे. एकाला राखलेल्या दाढीचा भारी अभिमान होता. त्याला ती म्हणाली, "भैया, आप बेहोश मत होना. इस दाढ़ी पर मास्क बैठेगा नहीं, सारी हवा बाजू से निकल जाएगी." दुसऱ्या दिवशी तो दाढी करून आला. दीदीमुळे नव्हे, गरमी होत होती, असं त्यानं न विचारता सगळ्यांना सांगितलं.

मी तिला एकदा विचारलं होतं, चालता धंदा सोडून इकडे काहून आलीस.

"पार्लरमधे बाई हसत येते अन् आरसा पाहून नाराज होऊन जाते," ती म्हणाली. "इथं माणूस बेशुद्ध येईन अन् उठला तं खूश होईन. जास्त कटकट नाही." मग म्हणाली, "अन् महिन्याच्या महिन्याले पगार येईन. ह्यांचं काम भट्टीजवळचं आहे, किती वर्षं जमन?"

परतीची वाट तिनं ठेवली नव्हती. खुर्ची, आरसा, गिऱ्हाईकं, सगळं नणदेला देऊन आली होती, आणि नणंद त्या खुर्चीवरून उठणारी नव्हती. म्हणजे हा कोर्स पास व्हायचा, नाहीतर घरी बसायचं.

आणि नेमकं ह्या बाईचं अडलं होतं. अडलं होतं ते डोक्यात नव्हे, बोटांत.

मास्क धरायची एक पद्धत असते. अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. मास्क तोंडावर रेटायचा नसतो, जबडा वर उचलून मास्कमध्ये आणायचा असतो. नुसत्या हनुवटीनं भागलं नाही तर दोन्ही हातांची बोटं कानाखालच्या कोपऱ्यात घालून अख्खा जबडा पुढे ढकलायचा. त्याला जोर लागतो. हिची बोटं बरोबर जागी पडत. इतकी सुंदर पडत की मी पोट्ट्यांना म्हणे, दीदीचा हात बघा. आणि पुढच्या क्षणी मास्कच्या कडेनं फुस्स.

"दाब," मी म्हणे.

"दाबून राहिली मॅडम."

"हे दाबणं आहे? ह्यानं तर माशीबी उठणार नाही."

"त्याले दुखन ना."

"पुतळ्याले?"

पोट्ट्यांनी पुतळ्याचं नाव समारू ठेवलं होतं. मागून एकजण म्हणाला, "दीदी, समारू को पहले बोरोलीन लगा दो." ती हसली, पण बोटं काही घट्ट झाली नाहीत. तिची अख्खी कमाई हलक्या हातावर झाली होती. जिथं गिऱ्हाइकाला दुखतं तिथं ते परत येत नाही. एवढ्या वर्षांत माझ्या हातानं कोणाच्या तोंडावर लाल डाग उठला नाही, असं ती सांगायची, आणि ते खरं होतं, कारण गुढियारीच्या बाया तसं काही झालं असतं तर मोहल्लाभर बोलल्या असत्या.

प्रॅक्टिकलला बाहेरून डॉक्टर आले. तिनं समारूच्या खांद्यावर थाप मारून "भैया, सुनाई दे रहा है?" विचारलं, तोंडात डोकावून पाहिलं, मान वर केली, मास्क ठेवला. सगळं चित्रासारखं. अंबू दाबला. छाती जागची हलली नाही. पुन्हा दाबला. फुस्स. डॉक्टर मला म्हणाले, "पंधरा दिन बाद एक बार और देख लेते हैं. उसके बाद मैं कुछ नहीं कर पाऊँगा." मीही करू शकत नव्हते. ज्या हातानं हवा आत जात नाही तो हात मी गाडीत बसवणार नव्हते, मग तो कितीही गुणाचा असो. हे मी तिला सरळ सांगितलं. तिनं मान हलवली, दुपट्ट्यानं समारूचं तोंड पुसलं आणि घरी गेली.

आठवडाभरानं दुपारी एक माणूस जिना चढून वर आला. दाराशी चप्पल काढली, हात जोडले.

"जयभीम मॅडम. मी पार्लरवालीचा मिस्टर."

मी बसायला सांगितलं. तो बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा धरला.

"एक तक्रार होती. लहानशीच आहे. मी सिलतऱ्याले फॅक्टरीत. रातपाळी करतो, दिवसा झोपतो. घोरतो थोडा. आता मॅडम, डोळा लागला का ही येते, उशाशी बसते अन् जबडा ओढते. उठून विचारतो, का झालं वं? तं म्हणते, काही नाही, झोपा तुम्ही, हवा पाहून राहिली. भात चावाले त्रास होऊन राहिला मॅडम. भात."

"घोरणं थांबते का पण?"

"थांबते तं," तो नाइलाजानं म्हणाला. "शेजारचे खूश आहेत."

माझं काम झालं होतं. घोरणं म्हणजे अर्धी बंद झालेली वाट. तीच वाट ही बाई रोज दुपारी मोकळी करत होती, म्हणजे हातात जोर होता. मी त्याला चहा पाजला, आणि आणखी एक आठवडा भाताऐवजी पेज घ्या असं सांगून वाटेला लावला.

दुसऱ्या दिवशी तिला समारूपुढे उभं केलं. "नवऱ्याचा जबडा ओढताना त्याले दुखत नाही का?"

"दुखते ना."

"मग?"

"ते माझे आहेत मॅडम. त्यांले ओढता येते. दुसऱ्याच्या माणसाले कसं ओढू?"

हे उत्तर कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पण त्यावरचा इलाजही तिनंच सांगून टाकला होता. मी म्हटलं, "ठीक आहे. आजपासून जो समोर पडला तो तुझा नवरा. म्हातारा असो, बाई असो, हा समारू असो." वर्ग खो खो हसला. ती लाजली, पदर नव्हता म्हणून दुपट्टा खोचला, समारूवर वाकली आणि दातांत पुटपुटली, "अहो, थोडं इकडे."

छाती वर आली. चांगली टम्म वर आली.

दुसऱ्या प्रॅक्टिकलला डॉक्टरांना ते "अहो" ऐकू गेलं. त्यांना मराठी येत नव्हती. त्यांनी मला विचारलं, "ये क्या बोल रही है?" मी म्हटलं, "मरीज़ से बात कर रही है, सर. हम सिखाते हैं." पोट्टे भिंतीकडे तोंड करून उभे होते. ती पास झाली.

पण पास होणं वेगळं. समारू रबराचा होता आणि नवरा घरचा. खरा परका जबडा हातात आल्यावर काय होईल, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. गाडीवर गेल्यावर पहिले काही दिवस तिला पोटदुख्या आणि बाळंतिणी मिळाल्या. ती रोज संध्याकाळी मला फोन करून सांगे, "आज बी सगळे बोलणारेच होते."

मग गुढियारीतूनच गाडीला फोन आला. भर दुपारी. पुढचं मला गाडीच्या पायलटनं सांगितलं. आमच्याकडे ड्रायव्हरला पायलट म्हणतात. मुर्रा, म्हणजे मुरमुरे, विकणारी एक म्हातारी, तिला फिट आली होती. गाडी पोचेपर्यंत झटके थांबले होते आणि म्हातारी खाटेवर उताणी, मोठ्यानं घोरत होती. घरचे निवांत झाले होते. सून म्हणाली, "अब बने हे दीदी. सुतन दे, थक गे हे. नाक बाजत हे." म्हणजे आता बरी आहे, झोपू दे. वरणभात सुखानं जेवलेला माणूस आणि जीभ मागे पडलेला माणूस सारखाच घोरतो, आणि घरच्यांना ते कळायचं काही कारण नसतं.

हिनं म्हातारीला कुशीवर केलं, तोंडातली लाळ ओढून काढली. दातखीळ बसलेली, तोंडात नळी जाईना. हनुवटी उचलली, भागेना. ओठ निळे पडत चालले होते. मग तिनं ऑक्सिजनचा मास्क लावला, डोक्याशी गुडघे टेकले, दोन्ही हातांची बोटं म्हातारीच्या कानाखाली घातली आणि जबडा पुढे ढकलला. घोरणं थांबलं. श्वास सरळ सुरू झाला. हात सैल केला की पुन्हा घरघर. म्हणून तिनं तो सैल केलाच नाही. खाटेवरून स्ट्रेचर, स्ट्रेचरवरून गाडी, गाडीत रेल्वेच्या पुलाखाली मालाचा ट्रक आडवा लागलेला, पायलट हॉर्न वाजवतोय, आणि आरशात दिसतंय काय, तर ही तशीच वाकलेली, घामानं निथळते आहे, आणि म्हातारीला म्हणते आहे, "अहो, थोडंच राहिलं."

"मैडम," पायलट मला म्हणाला, "वो बुढ़िया को अहो काहे बोल रही थी?"

आता ती रायपुरात नाही. नवऱ्याला रायगढकडच्या फॅक्टरीत भट्टीपासून लांबचं काम मिळालं, तिनंही तिकडच्या गाडीवर बदली मागून घेतली. मंगल कार्यालयाच्या मालकानं वरच्या मजल्यावर खोल्या काढल्या, आमचा वर्ग दुसरीकडे गेला. तिचा विषय निघाला की पोट्टे, म्हणजे आता टक्कल पडलेले पोट्टे, समारूची गोष्ट सांगतात. मी सांगते ती म्हातारीला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

दुसऱ्या दिवशी म्हातारीचा मुलगा तणतणत आमच्याकडे आला. "दाई के जबड़ा ला कोन दबाय हे? दोनों डहर नीला पड़ गे हे." आईचा जबडा कुणी दाबला, दोन्ही बाजूंनी निळा पडलाय. मी त्याला का दाबला ते समजावलं. त्याला निम्मं पटलं. ती ड्यूटी संपवून तेवढ्यात वर आली होती आणि दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा उतरला.

"डाग उठले?" तिनं विचारलं.

"उठणारच."

"मले पाहाले जाऊ द्या मॅडम."

माझ्या स्कूटीवर मागे बसून आली. वॉर्डात म्हातारी खाटेवर मांडी घालून बसली होती, आणि तिच्या दोन्ही कानांखाली बोटांच्या निळ्या खुणा होत्या, मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. ही समोर जाऊन उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "दाई, मैंने दबाया था."

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुरुवात केली. "तोर हाथ आय के चिमटा? रोगही कहीं के. मोर मुंह ला फोर डरे." हात आहे की चिमटा, तोंड फोडलंस माझं. मग तिच्या हाताकडून आईबापांकडे गेली, की त्यांनी हिला काही शिकवलं की नाही. तिथून गाडीतल्या चादरीच्या वासावर, चादरीवरून सुनेवर, सुनेवरून इस्पितळातल्या पाणीदार डाळीवर. शेजारच्या खाटांवरचे उठून बसले. मुलगा आता आमचीच माफी मागायला लागला.

मी हिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, रडते की काय. तर तोंडभर हसत होती. माझं कोपर धरून हळूच म्हणाली, "बोलून राहिली मॅडम. आयकून राहिल्या ना? कशी सरळ बोलून राहिली."

बोलणाऱ्या माणसाची श्वासाची वाट मोकळी असते, आणि शिव्या देणाऱ्याची तर साफच. म्हातारी एकदा दम घ्यायला थांबली, तर हिनं स्टूल ओढलं, तिच्या पुढ्यात बसली आणि म्हणते कशी, "अउ का, दाई?" म्हणजे, आणखी काय?

म्हातारीकडे अजून पुष्कळ होतं.