सिंधूची दाढ आणि आमटीचं मीठ

सिंधू म्हणजे माझी बायको, आमच्या घरची मालकीण. भूकंपानंतर गाव सोडून आम्ही लातूरला आलो आणि शिकवणीला येणाऱ्या पोरांसाठी हिनं मेस काढली. पातेलं कितीही मोठं असो, आमटीची चव हीच बघणार. दुसऱ्याच्या जिभेवर तिचा भरवसाच न्हाई.

एका वर्षी हिरडीत आडवी अडकलेली तिची अक्कलदाढ ठणकायला लागली. डॉक्टरीणबाईंनी हिरडी कापून दाढ काढली, टाके घातले आणि बजावलं, "गरम-तिखट नको, खळखळून चूळ नको. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तिच्यावरच जखम भरते." हिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गुपचूप आमटी चाखली अन् सवयीनं खळखळून चूळ भरली. गुठळी निघून गेली. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत कळा! डॉक्टरीणबाईंनी खड्डा धुऊन औषध भरलं, वर चांगलं झापलं.

संध्याकाळी आमटी उकळत होती. पोरांची परीक्षा तोंडावर, अन् ही पळी धरून नुसती उभी.

"आण इकडं, मी बघतो," मी म्हटलं.

"तुम्ही? चाळीस वर्षं ताटात पडलं ते मुकाट गिळलं. तुम्हाला काय कळतंय मीठ?"

"कळत होतं सगळं. बोलायची हिंमत नव्हती."

टाक्यांमुळं तिला धड हसताही येईना. गाल धरूनच तिनं पळी पुढं केली.

"चिमूटभर कमी हाय," मी म्हटलं.

तिनं मोजून चिमूटभर मीठ घातलं. पुढचे दहा दिवस पोरं माझ्या जिभेवर जेवली अन् हिची जखम निवांत भरत गेली.