चौथ्या ओळीतलं उणे

आमचा दादा विद्यापीठात तीस वर्षं कृष्णविवरांमागे होता. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की गुरुत्वाकर्षणाच्या लाटा कशा उठतात, याचं त्याचं एक समीकरण होतं. एकच. त्याच्या जोरावर त्याला बढती मिळाली, वहिनीला चारचौघींत मिरवता आलं आणि मला, धाकट्या बहिणीला, त्याचे कागद टाइप करायचं फुकटचं काम लागलं.

एकदा त्याच्या विद्यार्थिनीने भर वर्गात विचारलं, "सर, चौथ्या ओळीत उणे हवं ना?"

"आधी पाढे पाठ कर," दादा म्हणाला. सगळे हसले. दादाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मीही हसले. वर्षभरात ती दुसऱ्या विद्यापीठात गेली.

या लोकांची एक रीत आहे. नवा पेपर छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणत्याकडे तपासायला जातो. तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याचं नाव कळतं, लिहिणाऱ्याला तपासणाऱ्याचं नाही. ते उणे सिद्ध करणारा तिचा पेपर नेमका दादाकडे आला. तो छापून आला नाही तर तिची नोकरी जाणार होती. शिफारसपत्र मागताना तिने भाबडेपणाने दादालाच तसं कळवलं होतं.

दादाने तीन दिवस गणित केलं. मग वही मिटून म्हणाला, "पोरीचं बरोबर आहे." आणि मला शेरा सांगितला, "आणखी पुरावे हवेत."

"दादा, हे पाप आहे."

"तुला यातलं काय कळतं? टाइप कर."

मी केला. तिने पुरावे जोडून पेपर परत पाठवला. तो पाच महिने दादाच्या टेबलाच्या खणात पडून राहिला आणि पुन्हा तोच शेरा घेऊन गेला. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? तेवढ्यात परदेशातल्या दोघांनी तीच चूक शोधून छापली. दादाची चूक जगाला कळलीच. तिची नोकरी मात्र गेली. आता ती शाळेत गणित शिकवते.

दादा निवृत्त झाला तेव्हा ती घरी भेटायला आली.

"सर, तुम्ही निदान तोंडावर तरी बोललात," ती म्हणाली. "त्या परीक्षकाने तर धड कारणही दिलं नाही. माझा पेपर तुमच्याकडे यायला हवा होता. चूक तुमचीच होती, तरी तुम्ही तो अडवला नसता."

दादाने साखरेचा डबा पुढे ओढला. मग विचारलं, "साखर किती घेतेस?"

मला त्याची किळस आली. पण ज्या हातांनी शेरा टाइप केला होता, त्याच हातांनी मी तिला कप दिला.