घरटी एक माणूस

मृणाली मोकल माणसांच्या डोक्यावर पीएचडी झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पेणजवळच्या तिच्या खारगावात पहिला पेशंट आला. म्हणजे पेशंटची मालकीण आली. "मृणालीबाय, म्हस दोन दिस दूध देत नाय. मनाला काय लागलंय ते बघतेस?"

मृणालीनं समजावलं, की ती वेड्यांवर इलाज करत नाही, म्हशींवर तर नाहीच. शहाणी माणसं विचार करताना कुठं चुकतात, एवढंच ती तपासते.

"शहाण्यांची डॉक्टर?" तिची आई बायजाबाई म्हणाली. "मग गो, या गावात गिऱ्हाईक नाय मिलायचं तुला."

नोकरी रोह्याच्या कॉलेजात, बिऱ्हाड तिथंच शेजारच्या वरसे गावात. तिचं सगळं संशोधन चार चिठ्ठ्यांचं. एका बाजूला अक्षर, मागं आकडा. एक नियम सांगायचा आणि तो मोडलाय का, हे कळायला कुठल्या चिठ्ठ्या उलटाल, असं विचारायचं. कॉलेजातले प्राध्यापक सपशेल आपटले. गणिताचे सर अजून तिच्याशी बोलताना चहाच्या कपात बघतात.

मग तिनं अक्षरं काढून गावाचा नियम घातला. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून गावाला मातीचा बांध आहे. उधाणात तो फुटला, म्हणजे खांड पडली, की पुढच्या भरतीच्या आत बुजवायची. ज्याची जमीन खारात, म्हणजे बांधाच्या आतल्या भातशेतीत, त्यानं घरटी एक माणूस पाठवायचा. चिठ्ठ्यांवर तिनं लिहिलं : 'जमीन आहे', 'जमीन नाही', 'माणूस आला', 'माणूस आला नाही'. मागं त्याच घराची उरलेली माहिती.

बांधाचं बघणारा कमळाकर चौथी नापास. त्यानं पहिल्या आणि शेवटच्या चिठ्ठीवर बोट आपटलं. "ही दोन उलट. ज्याला जमीन नाय तो आला तर आला, चहा पाजू त्याला."

बरोबर उत्तर! अक्षरांत अडखळणारी माणसं चुकार माणूस मात्र चटकन हुडकतात, यावर तिनं निबंध लिहायला घेतला.

मोकलांच्या घरातून बांधावर तीच जायची. वडील हिरामण एकाहत्तरचे, हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केलेली. चिखलाचे गोळे देणाऱ्यांच्या रांगेत बाई बघून पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी कमळाकर तिच्यावरच ओरडायला लागला, म्हणजे ती रुळली.

गेल्या श्रावणात सकाळी कमळाकरचा फोन आला. "खांड पडली. दुपारच्या ओहोटीला ये."

नेमका तो निबंध पाठवायचा शेवटचा दिवस. मृणालीनं डोकं चालवलं. बेचाळीस घरं. एक कमी झालं तर एकेचाळीस उरतात. तिनं घरी फोन लावला.

"बाबा, मी येत नाही. आणि तुम्हीही जायचं नाही."

"मी कशाला जातोय? तू तुजं काम कर."

दुपारी हिरामणतात्या रांगेत उभे होते. कमळाकर म्हणाला, "तात्या, घरी जा."

"माज्या घरचा माणूस कोण मग? तू?"

रांग हसली. तात्याही हसले. दहा-बारा गोळे त्यांनी पुढं दिले, मग बांधावर बसले, मग आडवे झाले. चौघांनी उचलून चिखलातून रस्त्यापर्यंत पळवलं. पेणच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं. बाकीचे बांधावरच राहिले. भरती कोणासाठी थांबत नाही.

दहावं झाल्यावर कमळाकर अंगणात बसला होता. मृणालीनं विचारलं, "दादा, बाबा आले नसते तर खांड बुजली नसती का?"

कमळाकर म्हणाला, "बुजली असती. काम झालं तवा भरतीला तासभर बाकी व्हता."

म्हणजे तिचं गणित चुकलं नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघून कमळाकरला कळलं, की इथं खोटं बोलायला हवं होतं; पण तोवर उशीर झाला होता.

बायजाबाई चुलीपाशी होती. ती रागावली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

"एकेचाळीस घरांचा इचार केलास गो," ती म्हणाली. "पण तू नाय गेलीस तर हा घरी बसंल, असं तुला वाटलंच कसं?"

शहाण्यांच्या डॉक्टरनं वरसे गावातलं बिऱ्हाड त्याच महिन्यात मोडलं. आता खारगावातूनच रोज रोह्याला जाऊन-येऊन करते; खांड पडली की मोकलांच्या घरचा माणूस तीच.