चौदा नंबरचा ठप्पा

पडेगावात कडूबाबद्दल एक बातमी फिरते. चिकलठाण्याला उतरणारं विमान घरावरून गेलं की म्हणे तो हातची भाकर टाकून अंगणात येतो, कान लावतो आणि कोणतं इंजन आजारी आहे ते सांगतो. एकदा तर त्यानं नुसता फोन करून विमान खाली उतरवलं होतं म्हणे.

साफ खोटं. कडूबा आजवर विमानात बसलेला नाही, आणि त्याचा डावा कान पत्रा दाबणाऱ्या प्रेसशॉपच्या आवाजानं कधीच निकामी केलाय. हाक मारायची तर उजवीकडून. त्याचं काम डोळ्यांचं. वाळूजच्या एका कारखान्यात तो विमानाच्या इंजिनाचे नोझल तपासतो आणि पास झालेल्याच्या कागदावर चौदा नंबरचा ठप्पा मारतो. हा ठप्पा साखळीनं त्याच्या कमरेला असतो. मिळवायला त्याला अकरा वर्षं लागली.

"इमानाचं इंजन असतं तरी कसं?" सरूबाईनं, त्याच्या बायकोनं, एकदा चुलीपुढं बसून विचारलं.

"पुढले पंखे हवा ओढत्यात, दाबून दाबून आत कोंबत्यात. आत नोझल रॉकेलचं धुकं सोडतंय. भारीतलं रॉकेल. एकदा पेटलं की मोटरसायकलवानी धाड-धाड नाय, स्टोव्हवानी सलग जळतंय. त्यो गरम वारा मागलं चक्र फिरवत भाईर पळतो. मागलं चक्र फिरलं की त्याच दांड्यावरले पुढले पंखे फिरत्यात. आन् भाईर पळणारा वारा इमानाला रेटतो."

"मंजी आपली चूल आपणच फुंकतंय?"

"व्हय."

"आन् तुमी काय करता?"

"मी धुकं बघतो."

धुक्याची ओळख त्याला कारखान्यानं करून दिली नाही. पैठणकडच्या गावात तो पाठीवर पंप घेऊन कपाशी फवारायचा. नोझल खराब झालं की धुक्याऐवजी धार पडते. धारेखालचं पान करपतं आणि शेजारच्या पानावर मावा मजेत राहतो. इंजिनातही तेच. जिथं धार, तिथं जाळ जास्त, आणि त्याच्यामागचं चक्राचं पातं भाजून निघतं. फरक इतकाच की कपाशी जमिनीवर असते.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला, त्या सकाळची गोष्ट. खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा झाली होती. तपासणीच्या बाकाची पूजा दरवर्षीप्रमाणे कडूबानंच केली होती. चोवीस नोझल जायचे होते. त्यानं पहिला बसवला, तेल सोडलं, मागं दिवा लावला. धुक्याचा घागरा झकास पसरला. पण त्यात केसाएवढी एक दाट रेघ होती.

श्रीनिवास साहेब आले. हे तपासणी खात्याचे मुख्य. यांचं बोलणं 'ॲक्च्युअली'नं उघडतं आणि 'ना'नं मिटतं.

"ॲक्च्युअली कडूबा, आकडे तर लिमिटमध्ये आहेत ना?"

"हायेत."

"मग मार ठप्पा. चारला गाडी निघायची आहे ना."

"नाय मारत."

"कामून नाय मारत?" चिडले की साहेबांची भाषा थेट आमच्या गल्लीत उतरते.

"धार हाय."

"मीटरला नाही दिसत, आणि तुला दिसते?"

"मीटरनं कधी कपाशी फवारली नाय, साहेब."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. साहेब लाल झाले. "उघड. आत काही निघालं नाही, तर तुझा ठप्पा आज माझ्या टेबलावर."

कडूबानं नोझल उघडला, भिंगाखाली धरला. आत तिरप्या खाचा असतात. त्यांतून गेलं की तेल भोवऱ्यासारखं फिरतं, म्हणून तर बाहेर घागरा होतो. त्यातल्या एका खाचेत पिवळा कण अडकला होता.

हळद.

गाळणी असते, पण ती नळीच्या आधी. पूजेच्या दिवशी कडूबानं बोट टेकवलं होतं ते गाळणीच्या पुढं, थेट नोझल बसतो त्या तोंडाला. चांगलं दोनदा, भक्तीनं.

"कचरा निघाला ना?" साहेब लांबूनच म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. "पूस, परत लाव, मार ठप्पा."

पुसायला अंगठा पुरला असता. भिंगात दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. पण एक कण इथं, तर नळीत किती असतील? आणि उरलेले तेवीस त्याच तोंडावर चढणार होते.

"साहेब, हळद हाय. माझ्याच हातची. आख्खा बाक खोलावा लागंल."

साखळीतून ठप्पा काढून त्यानं स्वतःच टेबलावर ठेवला. अट तर उलटी होती.

गाडी चुकली. बाक धुवायला दोन दिवस गेले आणि नळीतून आणखी हळद निघाली. ठप्पा सहा महिने साहेबांच्या कपाटात राहिला. तेवढे दिवस कडूबा सुटे भाग धुवायच्या खात्यात होता. नंतर परीक्षा झाली : दहा नोझल, त्यातला एक खराब, नुसत्या नजरेनं ओळखायचा. कडूबानं दोन बाजूला काढले. साहेबांनी खराब एकच ठेवला होता. दुसरा उघडला, तर तोही खराब निघाला. ठप्पा त्याच दुपारी परत मिळाला.

ही गोष्ट मामाकडून ऐकल्यापासून मी, शेजारची पोर, गल्लीत त्याच्या आणि साहेबांच्या नकला करत सुटले होते. पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी त्याला अंगणात गाठलं. "मामा, पैज. उद्या तुमचा हात शिवशिवणार. एका तरी नोझलला तुम्ही हळद लावणार."

"हारलीस तर?"

"महिनाभर तुमची नक्कल बंद."

माझा हिशेब सरळ होता. कारखान्यात आता हळदीला बंदी होती, पण घरी फवारणीचा जुना पंप होता, आणि पंपाची पूजा सरूमामी चुकू देत नाही. सकाळी धावत गेले. टाकीला हळद, दांड्याला कुंकू, पट्ट्यांना झेंडूची माळ. मी नळीच्या टोकाशी वाकले. टोक रिकामं. नोझल काढून, धुऊन, फळीवर वाटीखाली झाकून ठेवलेला.

"म्हन की आता," कडूबामामा माझ्याकडं बघत म्हणाला. "म्हन, 'नाय मारत'."

पैज मी हरले होते, पण साहेबांचं 'ॲक्च्युअली' पैजेत नव्हतं. महिनाभर त्यावरच भागवलं.