परत गेलेला नारळ

माझ्या बहिणीच्या बाराव्याला तुम्ही आमच्या घरी जेवून गेलात, सर.

भात दोनदा मागून घेतलात.

आज अक्काला जाऊन एक वर्ष झालं. म्हणून लिहितोय.

तुमचं नाव लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही वकिलाची नोटीस पाठवाल, आणि मी घाबरट आहे. पण रामनगरला ‘घरबसल्या मास्टर्स’चा बॅनर कुणाचा, हे सगळ्यांना माहीत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुनंदा माझी मोठी बहीण. जोयडा तालुक्यात नंदिगद्देजवळच्या आमच्या वाडीतली पहिली ग्रॅज्युएट. मी एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, थांबलो आणि रामनगरला पंक्चरच्या दुकानात लागलो. अक्काला कॉलेजात शिकवायचं होतं. त्यासाठी एम.ए. हवं होतं.

चार वर्षांपूर्वी हे सर वाडीत आले. एका हातात ऑनलाइन एम.ए.चा फॉर्म, एका हातात नारळ.

आमच्याकडे नवं काही सुरू करताना देवापुढे नारळ ठेवतात. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, गाऱ्हाणं घालतो. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. शेवटी नारळ फुटतो. एकदा फुटला की त्या माणसावर संशय घ्यायचा नाही.

सरांचा नारळ फुटला.

अक्का म्हणाली होती, "बाबा, मान्यतेचा कागद तरी बघूया की."

"येडी हायस काय? देवाफुडं उभा ऱ्हायला तो. आता कागद मागायचा म्हंजे देवाचा अपमान."

त्या दिवशी ‘व्हय’ म्हणणाऱ्यांत मीपण होतो. मोठ्याने म्हटलं होतं.

वाडीत रेंज नाही. वर जंगलात एक खडक आहे, तिथे दोन काड्या येतात. दोन वर्षं अक्का त्या खडकावर बसून लेक्चर ऐकत होती. छत्री, चटई, पॉवर बँक. फर्स्ट क्लासमध्ये पास झाली.

मग कॉलेजातल्या नोकरीसाठी पदवीच्या व्हेरिफिकेशनला कारवारच्या सरकारी ऑफिसात गेलो. टेबलामागच्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी कॉम्प्युटरच आमच्याकडे फिरवला.

"युनिव्हर्सिटी खरी आहे. पण तुम्ही ॲडमिशन घेतलं त्या वर्षी हा विषय ऑनलाइन शिकवायची परवानगी त्यांना नव्हती. सरकारी यादी बघितली नाही का?"

परतीच्या बसने जोयड्याला आलो. उतरताना अक्का म्हणाली, "आपण यादी सोडून नारळ बघितला रे."

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "यादी बदलत राहते मॅडम. तुमचं नशीब."

अक्का पुन्हा खडकावर जाऊन बसू लागली. आता तक्रारी पाठवायला.

त्याच उन्हाळ्यात तिथे तिला गोचीड चावली. माकडताप झाला. नवव्या दिवशी गेली.

तुम्ही तिला मारलं असं मी म्हणत नाही. मी खोटं लिहीत नाही. गोचिडीने मारलं.

पण ती दुसऱ्यांदा त्या खडकावर कशासाठी गेली, हे मी तुम्हाला विसरू देणार नाही.

तिच्या उशाशी वही सापडली. वर लिहिलं होतं, ‘ॲडमिशन घेण्याआधी विचारायचं’. मी ती पाठ केली.

गेल्या रविवारी तुम्ही शेजारच्या वाडीतल्या रेश्मासाठी आलात. देव दोन्ही वाड्यांचा एकच. लोक म्हणत होते, सुनंदाचं नशीब फुटकं, त्यात सरांचं काय चुकलं? रेश्माच्या मांडीवर फॉर्म होता. पेनाचं टोपण काढलेलं.

गावकर काकांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या पोरीच्या शिक्षणाला यश दे..."

"व्हय म्हाराजा!"

मी गप्प.

काका थांबले. एक माणूस जरी गप्प राहिला तरी गाऱ्हाणं पुढे जात नाही.

"काय रे दत्ता? तोंडात गुळणी हाय काय?"

"प्रश्न हायत, काका."

तुम्ही हसलात. "किती शिकलास रे तू?"

"एसएसएलसी."

"मग मास्टर्समधलं तुला काय कळतंय?"

"काय बी न्हाई. म्हणून तर इचारतोय."

वही पाठ होती तरी उघडून धरली.

"ह्या वर्षीच्या सरकारी यादीत, ह्याच विषयाच्या फुडं, ऑनलाइन असं लिवलेलं दाखवा."

तुम्ही माहितीपत्रक पुढे केलंत.

"हे तुमी छापलेलं. यादी दाखवा."

"इथे रेंज कुठे आहे?"

"खडकावर येते. चला, वाट दावतो."

तुम्ही उठला नाहीत. मागून शांता आजी म्हणाली, "जावा की सर! आमची पोर दोन वर्सं जात हुती. तुमचं पाय काय लोण्याचं हायत?"

लोक हसले. मी थांबलो नाही. परीक्षा कुठे होणार? ही पदवी घेऊन कॉलेजात लागलेल्या एकाचा तरी नंबर द्या. आणि रेश्माची ओरिजिनल मार्कशीट तुमच्याकडे कशाला ठेवायची?

"हे ऑफिसात बोलू."

"ऑफिसात न्हाई. हितंच. देवाफुडं."

रेश्माने पेनाला टोपण लावलं.

गावकर काकांनी नारळ उचलून तुमच्या हातात दिला. "घिऊन जावा. आज ह्यो फुटायचा न्हाई."

देवापुढचा नारळ परत गेलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

मी समाजसेवक नाही, सर. तुम्ही सुधारावं अशी माझी इच्छाही नाही. मला तुमचं शटर कायमचं खाली आलेलं बघायचंय. आमचं दुकान स्टँडसमोर आहे. तुम्ही कुठल्या बसमध्ये चढता ते मला दिसतं. वहीच्या झेरॉक्स मी वाडीवाडीत पोचवल्यात. तालुक्यात कुठेही नारळ घेऊन जा, समोर एक तरी माणूस गप्प बसलेला असेल.

मित्रांनो, ऑनलाइन एम.ए. वाईट नसतं. अक्काला फार आवडायचं. खडकावरून उतरली की चुलीपुढे बसून मला आख्खा धडा सांगायची. फक्त सही करण्याआधी यादी स्वतः बघा. आणि जिथे नोकरी पाहिजे, त्या खात्याला विचारा. सेंटरला नको.

अक्का, पहिल्या नारळाला मी ‘व्हय’ म्हटलं होतं.

ते आता परत घेता येत नाही.

या वेळी म्हटलं नाही गं.

तुला आणि तुझ्या वहीला तुझ्या भावाचा नमस्कार.