पावणेसातचा फोन

माझी धाकटी बहीण बावीस वर्षं टीव्हीवर देशाचं राजकारण सांगते. पन्नाशीला टेकली तरी घरात ती छकुलीच. पंतप्रधानांपुढे माईक धरताना तिचा हात कापत नाही, पण पाल दिसली की बया पलंगावर चढून बसते.

मी शिवणकाम करते. राजकारणातलं मला ओ की ठो कळत नाही, आणि तिला नेमकं तेच हवं असतं. पहिल्या वर्षी तिने टीव्हीवर असलं काही जडजंबाल सांगितलं की मी फोन करून झापलं, "अगं, कोण जिंकलं ते तरी सांग." तेव्हापासून रोज पावणेसातला, कॅमेऱ्यापुढे उभं राहण्याआधी, तिचा फोन. "ताई, ऐक." ती पहिलं वाक्य म्हणणार. मी "म्हणजे काय?" विचारलं की वाक्य बदलायचं. सुईत दोरा ओवता ओवता मी देशाच्या बातम्या दुरुस्त केल्यात, हे सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील.

गेल्या महिन्यात तिला राजकीय संपादक करायचं घाटत होतं. त्याच आठवड्यात सरकारवर बहुमत सिद्ध करायची वेळ आली. मतदानाच्या संध्याकाळी संसदेबाहेरून तिचा फोन आला.

"ताई, ऐक. 'सरकार पडलं आहे.'"

"मतं मोजून झाली?"

"नाही. पण बाकीच्या चॅनेलवर 'पडलं, पडलं' सुरू झालंय. आमच्या चॅनेलचे साहेब इअरफोनमधून नुसते ओरडतायत."

"ओरडू देत. मोजून झाली नाहीत, तर पडलं कसं म्हणतेस?"

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

टीव्हीवर तिने शांतपणे सांगितलं, मोजणी अजून सुरू आहे. अकरा मिनिटं तेच. मग सरकार खरंच पडलं. हिचं चॅनेल सगळ्यांच्या मागे राहिलं. संपादकाची खुर्ची दुसऱ्याला मिळाली आणि हिला सातच्या हवामानावर बसवलं.

तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बावीस वर्षांच्या मेहनतीवर मी एका वाक्यात पाणी फिरवलं होतं. हवामानाच्या पहिल्या दिवशी मी मशीनवर बसले, पण एक टीप सरळ जाईना. तोच ब्लाउज तीनदा उसवला. पावणेसात होत आले तशी मी फोनकडे पाठ करून बसले. मला विचारूनच तर पोळली होती ती. आता कशाला विचारेल?

फोन वाजला.

"ताई, ऐक. 'आकाश अंशतः ढगाळ राहण्याची शक्यता आहे.'"

मी हातातला ब्लाउज बाजूला ठेवला.

"ताई? कळलं का?"

"नाही," मी म्हटलं. "छत्री घ्यायची की नाही, ते सांग."

"थांब," ती म्हणाली, आणि पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.